डोळ्यांच्या स्नायूंवर सतत ताण आला तर पडदा खराब होतो का?

तुम्ही लिहिलंय की रोज १० तास स्क्रीनसमोर जातात, संध्याकाळी डोळे ठणकतात, नंबर उणे ७ आहे आणि या ताणाने डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) झिजेल अशी धास्ती वाटते. डोळ्यांचे व्यायाम सुरू करू का, असंही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण माझा नंबर उणे ९ आहे, चार वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडल्याने लेझर करावं लागलं, त्यामुळे ही धास्ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

ठणकतो तो पडदा नव्हे. पडद्याला वेदना कळतच नाहीत, आणि म्हणूनच तो जास्त दगा देतो. जवळचं बघताना आतला सिलियरी स्नायू आवळलेला राहतो, बाहेरचे स्नायू दोन्ही डोळे नाकाकडे वळवून धरतात, त्यात पापण्यांची उघडझाप कमी होते. त्याने डोळे शिणतात, कोरडे पडतात, डोकं धरतं. पण पडद्याच्या पेशी त्याने मरत नाहीत.

आपल्यासारख्यांचा पडदा अडचणीत येतो तो डोळ्याच्या लांबीमुळे. एरवी डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो, मोठ्या उणे नंबरात तो २६ च्या पुढे जातो. पाव मिलिमीटर जाडीचा पडदा त्यावर ताणला जातो. कडेला जुन्या धोतरासारखा विरतो, डॉक्टर त्याला लॅटिस म्हणतात. माझं भोक तिथेच पडलं होतं.

मग डोळा लांबतो तो स्नायूंच्या दाबाने का? न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये जवळपास असंच मांडलं होतं, चष्मा घालवायचे बरेचसे व्यायाम तिथूनच आले. पुढच्या संशोधनात ते टिकलं नाही. कोंबडीच्या पिल्लांवरचे प्रयोग मला फार बोलके वाटतात: डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस कापली, तरी धूसर आवरण लावलेला डोळा लांबतच गेला. म्हणजे लांबायचा निरोप डोळ्याच्या आतूनच, पडद्याकडून निघतो. लहान मुलांना रोज दोनेक तास उजेडात बाहेर खेळू द्या म्हणतात ते यासाठीच. आपलं ते वय गेलं, व्यायामाने लांबी कमी होणार नाही.

स्नायू आणि पडद्याचा खरा संबंध एका ठिकाणी आहे. पिलोकार्पिनचे थेंब सिलियरी स्नायू जोरात आवळतात, आणि त्यानंतर क्वचित पडदा फाटल्याच्या, सुटल्याच्या नोंदी आहेत. चाळिशीनंतर जवळचं दिसावं म्हणून हे थेंब कुणी सुचवले, तर आधी पडदा तपासून घ्या.

तुम्ही बाहुली मोठी करून पडद्याची कड शेवटची कधी तपासलीत? चष्म्याच्या दुकानातल्या नंबर तपासणीत ती दिसत नाही. डॉक्टर डोक्याला दिवा बांधतात, हातात भिंग धरतात, ‘वर बघा, आता उजवीकडे’ म्हणत पापणीवरून हलकंच दाबतात. त्रास होतो, पण माझं भोक तसंच सापडलं. मला काहीही जाणवत नव्हतं.

डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, एकाएकी काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. एरवीच्या तपासणीलाही कुणाला तरी सोबत न्या, बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास गाडी चालवता येत नाही.