सोलापुरात बसून ऑनलाइन ‘फर्स्ट कॉपी’ रोलेक्स मागवू का? चार हजारांत मिळतंय.

नका मागवू. ते रोलेक्स नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे; घोळ पुढे आहे. हे विक्रेते आगाऊ यूपीआय घेतात आणि पैसे गेले की नंबर ब्लॉक. मी स्वतः फसलोय, पार्सलमधून जत्रेतलं दीडशेचं घड्याळ निघालं. (आपल्या गड्डा जत्रेत निदान घासाघीस तरी केली असती!) असं झालं तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

घड्याळ आलंच, तरी डायलवरच्या ‘३०० मीटर’वर जाऊ नका. अस्सल सबमरिनर, म्हणजे रोलेक्सचं पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, तेवढं पाणी सोसतं, कॉपीच्या काचेत मात्र हात धुतानाच वाफ धरू शकते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नकली घड्याळ दुरुस्त करत नाही. नवी पेठेतला कारागीर सेल बदलून देईल, पण ऑटोमॅटिक मशिनचे सुटे भाग तो कुठून आणणार?

परदेशातून मागवलंत तर कस्टम्स जप्त करू शकतं. आणि कंटाळून पुढे विकायचा विचार असेल तर ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ पाहा: नकली माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे.

तेवढ्याच पैशांत टायटन घ्या, वॉरंटी कार्डासकट.