हाडं धुऊ नका, दात उपटू नका

प्रश्न : ताई, निपाणीजवळ आमच्या तंबाखूच्या रानात शेततळं खोदताना जेसीबीच्या बकेटात माणसाची कवटी आणि हाडं आली. प्लेगात मेलेल्यांना या कडेला पुरायचे, असं आज्जी सांगायची. घरात लहान पोरं आहेत. मातीतून प्लेग पुन्हा उठेल का? आणि नुसती हाडं बघून रोग कळतो का?
— एक शेतकरी, निपाणी भाग

उत्तर : दादा, आधी पोरांची काळजी मिटवते. त्या हाडांतून प्लेग उठणार नाही. १८९६ साली तो मुंबईत आला आणि पुढच्या वर्षांत आपल्या बेळगाव-धारवाडकडे पसरला. माझं माहेर शहापूरचं. घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी आमच्याकडेही सांगत. पण तो जंतू उंदीर, पिसवा आणि आजारी शरीर यांच्यावर जगतो, शंभर वर्षं हाडात तग धरत नाही. हाडं गुरांची असती तर मात्र मी घाबरले असते. फाशीच्या रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू स्वतःभोवती कवच करून मातीत कित्येक वर्षं टिकतात. खड्ड्यात गुरांची हाडं दिसली तर हात लावू नका, गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.

आता दुसरं. प्लेग हाडावर दिसतच नाही. माणूस काही दिवसांत जातो, तेवढ्यात हाड बदलत नाही. खुणा ठेवतात ते रेंगाळणारे रोग. क्षयात मणका पुढच्या बाजूने पोखरून खचतो आणि कुबड येतं. कुष्ठरोगात नाकाच्या भोकाची धारदार कड झिजून गोलसर होते. उदयपूरजवळ बालाथलला सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा असा एक पुरुष सापडला, २००९ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याला दगडी भिंतींच्या आत, जळलेल्या शेणाच्या राखेत पुरलं होतं. एवढा रोग अंगावर घेऊन तो बरीच वर्षं जगला, म्हणजे कुणीतरी त्याला सांभाळलं असणार, असं मला मनापासून वाटतं. आणि म्हणूनच, ज्या हाडावर खूण नाही तो माणूस धडधाकट होता असं धरून चालू नका. तो पहिल्याच तापात गेलेला असू शकतो.

प्लेग ओळखायचा तर दात लागतो. दाताच्या आत, मुळाशी जिथे रक्त खेळतं, त्या पोकळीत जंतूचा डीएनए अडकून राहतो. लंडनमध्ये १३४८ ते १३५० च्या साथीत पुरलेल्यांच्या दातांतून २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जंतूची जवळजवळ सगळी जनुकीय रचना जुळवली. आपल्याकडच्या उष्ण हवेत डीएनए लवकर विरतो. हरियाणात राखीगढीच्या हडप्पाकालीन वस्तीत साठाहून जास्त नमुने तपासले तेव्हा एका बाईच्या सांगाड्यातून कामापुरता मिळाला. डीएनए नाही मिळाला तरी दात वाया जात नाही. सुळ्यावर आडव्या, बारीक खाचा दिसतात. नख फिरवलं तर लागतात. दात जबड्यात तयार होत असताना मूल उपाशी किंवा तापाने फणफणलेलं होतं, त्याची ती नोंद. खाच दाताच्या कितव्या भागात आहे यावरून तेव्हाचं वयही अंदाजता येतं.

जमीनही बघावी लागते. खानापूरकडच्या जांभ्या, आंबट मातीत आणि धो धो पावसात हाड विरघळून जातं. तुमच्याकडे कवटी अखंड निघाली, हे मोठं नशीब.

तेव्हा जेसीबी थांबवा. पोलीस ठाण्यात आणि तलाठ्याला कळवा; हाडं माणसाची असतील तर ते आधी. मग धारवाडला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा. तोवर हाडं पाण्याने धुऊ नका, गंध-फुलं वाहू नका, कवटीतली माती काढू नका. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, कवटीचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते बकेट चालवणाऱ्याला आठवत असेल तर आजच लिहून घ्या. दात सुटा झाला असेल तर उघड्या हाताने उचलू नका, आपलाच डीएनए त्याला लागतो. स्वच्छ हातमोजा घालून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट होऊन बुरशी धरते.