दरवर्षी सीए-125 करू का?

प्रश्न : माझी आई गेल्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. मी 42 वर्षांची, त्रास काही नाही. लॅबवाले म्हणतात, दरवर्षी सीए-125 करा. करू का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, आईचं वाचून फार वाईट वाटलं. पण या रक्ततपासणीवर भिस्त ठेवू नका. सीए-125 हे रक्तातलं एक प्रथिन. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते वाढतं, पण पाळीत, गर्भाशयाच्या गाठींत, पोटाच्या टीबीतही वाढतं. आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये कित्येकदा नॉर्मल येतं. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या 2 लाखांवर बायकांचा अभ्यास झाला. कुणाची ही तपासणी, कुणाची सोनोग्राफी वर्षानुवर्षं केली. 2021 मध्ये निकाल आला : मृत्यू कमी झाले नाहीत.

तुम्हाला गरज आहे ती बीआरसीए जनुकांच्या तपासणीची. या जनुकांत आई-वडिलांकडून आलेला दोष असला, की अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आईचा बायोप्सी रिपोर्ट जपून ठेवलाय ना? तो घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा. माहेरच्या दोन्ही बाजूंना, वडिलांकडेसुद्धा, कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, ते विचारून जा. दोष निघालाच, तर गर्भनलिका आणि अंडाशय काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्यानं धोका खूप घटतो.

आणि पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, सारखी लघवी, हे नव्यानं सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकलं तर लगेच सोनोग्राफी करा. माझ्याकडे आलेल्या एका मावशींनी सोयाबीनची काढणी होईपर्यंत गॅसच्याच गोळ्या खाल्ल्या होत्या. तुम्ही थांबू नका.