एप्रिलमध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर चालायला जायचंय, पण खिडकीतल्या टोमॅटो-मिरचीच्या रोपांचं काय करू?

जा, आणि एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यातच जा. तुम्ही लिहिलंय की घर दक्षिण इंग्लंडात आहे आणि आठवडाभर रोपांना पाणी घालायला कुणी नाही. मीही याच भागात राहते, बाग करते, आणि माझं स्पष्ट मत आहे की भाजीसाठी वसंतातलं क्रीट हुकवू नये.

तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. कासचं पठार पाऊस सरता सरता फुलतं, तसं क्रीट मार्च-एप्रिलमध्ये फुलतं. जूनपर्यंत गवत वाळून जातं आणि कंद जमिनीखाली गुडूप. म्हणजे सहल पुढे ढकलली तर समुद्र मिळेल, फुलं नाही.

चालायला बेटाचा पश्चिम भाग धरा. सामारियाची घळ सगळेच सुचवतील, पण ओढ्याला पाणी असल्यामुळे ती साधारण 1 मेच्या सुमारास उघडते. त्याऐवजी इम्ब्रोसची घळ करा. इम्ब्रोस गावापासून कोमिताडेसपर्यंत सुमारे 8 किलोमीटर, सगळी उतरणच. एका जागी तर दोन भिंतींमध्ये दोन मीटरही अंतर उरत नाही. खालून टॅक्सीने वर गाडीपाशी येता येतं. लेफ्का ओरी या डोंगररांगेच्या माथ्यांवर (सर्वांत उंच पाख्नेस, 2,453 मीटर) तेव्हा बर्फ असतो, तिकडे जाऊ नका.

एक दिवस ओमालोसच्या पठारासाठी ठेवा. तिथे जांभळट गुलाबी, आत पिवळ्या रंगाचे रानटी ट्युलिप फुलतात. आणि एक पूर्ण दिवस स्पिलीजवळच्या माळासाठी. तिथली बरीच ऑर्किड बुटकी असतात, म्हणून गुडघे टेकून बघा. ऑफ्रिस जातीच्या फुलाची खालची पाकळी तपकिरी, मखमली लवेची, मध्ये निळसर चकाकता डाग. रानमधमाशीचा नर तिला मादी समजून येतो आणि अंगावर पराग चिकटवून घेऊन जातो. हे दहा मिनिटं शांतपणे पाहण्यासारखं आहे.

आपल्या ओळखीची मंडळीही भेटतात. ओढ्यांच्या काठी कण्हेर रानोमाळ वाढलेली असते, फुलते मात्र जरा उशिरा. माणसाहून उंच, पिवळ्या तुऱ्यांचं फेरूला नावाचं झाड दिसेल, ते हिंगाच्याच वंशातलं. आणि कुजक्या मांसाचा वास आला तर आजूबाजूला काळपट जांभळं, हातभर लांब फूल शोधा. ते ड्रॅगन अरम, सुरणाच्या कुळातलं. सुरण फुललेला ज्यांनी हुंगलाय त्यांना हा वास लगेच कळेल. पायवाटेकडेची झुडपं काटेरी असतात, म्हणून पूर्ण पायाची विजार घाला.

आता रोपं. मिरचीची वाढ मंद, ती जानेवारी-फेब्रुवारीतच पेरतात, ती चालेल. टोमॅटो मात्र मार्चच्या अखेरीस पेरा, म्हणजे निघताना रोपं दोन-चार पानांची असतील. लहान कुंडीत वाढलेलं मोठं रोप दोन दिवसांत मान टाकतं, छोटं रोप कमी पाणी पितं. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या पाण्यात ठेवून माती चिंब करा. मग जुना जाड टॉवेल ओला करून ट्रेमध्ये पसरा, त्याचं एक टोक शेजारच्या पाण्याच्या पातेल्यात बुडवा आणि खाली भोकं असलेल्या कुंड्या त्यावर ठेवा. माती टॉवेलमधून पाणी ओढून घेते. ट्रे दक्षिणेच्या खिडकीतून काढून उत्तरेच्या उजेडात ठेवा. हे सगळं एकदा घरी असतानाच तीन-चार दिवस करून बघा.

दोडका, भोपळा, काकडी परत आल्यावरच पेरा. मेच्या मध्यापर्यंत रात्री फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडू शकतो, तोवर ती बाहेर जाणारच नाहीत. टोमॅटो परतल्यावर मोठ्या कुंडीत खोल लावा, अगदी खालच्या पानांपर्यंत, कारण खोडालाही मुळं फुटतात. मग आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री आत, असं करून मेच्या शेवटी जमिनीत लावा.