सॉफ्ट-स्टार्ट असूनही लाईट परत येताच एमसीबी का पडते?

तुम्ही परभणीहून विचारलंय : घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ५०० व्हीएचा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) आहे, सॉफ्ट-स्टार्टसाठी, म्हणजे चालू करतानाचा करंटचा झटका अडवायला, प्रायमरीला (मेन्सकडच्या वाइंडिंगला) एनटीसी थर्मिस्टर (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा भाग) आहे. सकाळी सुरू करताना काही होत नाही, पण लाईट जाऊन लगेच आली की एमसीबी पडते. रिलेवालं (रिले म्हणजे कॉइलने ओढला जाणारा स्विच) डिले सर्किट लावलं तर थांबेल का?

थांबेल, पण लाईट गेल्यावर ते सर्किट किती लवकर मोकळं होऊन पुन्हा पहिल्या स्थितीला येतं यावर सगळं आहे. मी लातुरात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. आपल्याकडे जरा वारं सुटलं की लाईट लपलप करायला लागते, म्हणून याच गोष्टीकडे मी सगळ्यात आधी बघतो.

टोरॉइडच्या कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) फट नसते, त्यामुळे बंद करताना त्यात थोडं चुंबकत्व उरतं. पुन्हा चालू करताना मेन्सची एसी वेव्ह चुकीच्या जागी सापडली की कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही. मग करंट अडवायला फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स उरतो, तोही दोन-तीन ओहम. त्यात पुढचे मोठे कंडेन्सर रिकामे असले तर तेही क्षणभर शॉर्टसारखेच वागतात. एरवी फुल लोडला सव्वादोन अँपिअर घेणारा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी शंभराच्या आसपास ओढू शकतो. सी कर्व्ह प्रकारची १० अँपिअरची एमसीबी ५० ते १०० अँपिअरमध्ये झटकन पडते.

एनटीसी थंड असताना हा झटका अडवतो. चालू असताना तापून त्याचा रेझिस्टन्स जवळजवळ संपतो, आणि थंड व्हायला त्याला मिनिटभर तरी लागतं. लाईट दोन सेकंदात आली तर तो असून नसल्यासारखा. तुमचा दोष हाच आहे.

रिलेच्या पद्धतीत प्रायमरीच्या सिरीजला ४७ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर येतो. २३० व्होल्टचं शिखर ३२५, म्हणजे करंट सात अँपिअरच्या वर जातच नाही. दीडेक सेकंदाने रिलेचा एनओ (एरवी उघडा असणारा) कॉन्टॅक्ट त्या रेझिस्टरला बायपास करतो. रिलेला वेगळा छोटा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर द्या, तोही स्विचच्या नंतर पण रेझिस्टरच्या आधी. अ‍ॅम्प्लिफायरच्याच सेकंडरीवरून (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट वाइंडिंगवरून) सप्लाय घेतला तर लोडमुळे व्होल्टेज चढत नाही आणि रिले ओढतच नाही.

डिलेसाठी २२० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर चार्ज होतो. त्याचं व्होल्टेज दोनच्या पुढे गेलं की २एन७००० मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालू होणारा ट्रान्झिस्टर) रिले ओढतो. गेटला १० व्होल्टचा झेनर डायोड आणि रिले कॉइलला उलटा १एन४००७ डायोड विसरू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या २२० किलोओहमवर एक डायोड लावा, कॅथोड (पट्टी असलेलं टोक) सप्लायकडे. लाईट गेली की टायमिंगचा कंडेन्सर त्या वाटेने लगेच रिकामा होतो. सप्लायचा फिल्टर कंडेन्सर २२० मायक्रोफॅरडच ठेवा आणि त्याला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. इथे कुणी २२०० टाकला तर रिले लाईट गेल्यावरही सेकंदभराहून जास्त चिकटून राहतो. तेवढ्यात लाईट आली की रेझिस्टर बायपासच असतो, सगळा झटका थेट आत. २२० ला हीच वेळ पाव सेकंदाच्या आत येते. तो एक किलोओहम नसेल तर मॉस्फेट बंद झाल्यावर दोनेक व्होल्ट आत अडकतात आणि पुढच्या वेळी डिलेच मिळत नाही.

४७ ओहमच्या रेझिस्टरला चिकटवून थर्मल फ्यूज (तापल्यावर उडणारा) हवाच. रिले ओढला नाही आणि पुढे शॉर्ट असेल तर ४७ ओहमवर अकराशे वॅट जातात, आणि करंट पाचेक अँपिअरच असल्याने साधा फ्यूज लवकर उडत नाही. सगळं मेन्सवर आहे, हात लावण्याआधी प्लग काढा.

बांधून झालं की प्रायमरीच्या सिरीजला बल्ब (सिरीज लॅम्प) लावून आधी शॉर्ट नाही ना ते बघा. मग लॅम्प काढून स्विच बंद करा, अर्धा सेकंद थांबून पुन्हा चालू करा. रिलेची टक लगेच आली तर तो एक किलोओहम आणि डायोड तपासा. दीडेक सेकंदाने आली तर झाकण लावा.