बाप्तिस्म्याआधी एक काम

बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्यानं होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेची, तारीख ठरली म्हणालास, आनंद वाटला. पण प्रार्थनेत डोळ्यांत पाणी येत नाही म्हणून तुझा पश्चात्ताप खोटा, असं मनात आणू नकोस. रविवारी रडणारे मी बरेच पाहिलेत. सोमवारी दुकानाचा खोटा काटा तसाच असतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 3ऱ्या अध्यायात, लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? कर गोळा करणाऱ्या जकातदारांना तो सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, पगारात समाधानी राहा. नोकरी सोडा असं कुणालाच म्हणत नाही, हे मला फार आवडतं. त्याच पुस्तकाच्या 19व्या अध्यायातला जकातदार जक्कय तर लुबाडलेलं चौपट परत करायला तयार होतो.

पस्तावा येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यालाही झाला होता, त्यासाठी घेतलेली चांदीची 30 नाणी त्यानं परतही केली. पण येशूकडे तो वळला नाही. दुसरा शिष्य पेत्र येशूला तीनदा नाकारूनही परत आला. म्हणून आधी बायबलमधलं स्तोत्र 51, ती पश्चात्तापाची प्रार्थना, सावकाश वाच, देवाशी स्पष्ट बोल. मग जमिनीवरून भावाशी धरलेला अबोला सोड. उधारी एकदम फिटणार नसेल तर ज्याची आहे त्याच्याशी बोलून हप्ते ठरव. आणि राग पुन्हा उफाळला तर बाप्तिस्मा पुढे ढकलू नकोस, त्याच दिवशी भावाला फोन कर.