लाईट आल्यावरही मळ्यातला फोर-जी राउटर नेट पकडत नाही, काय करावं?

तुम्ही विचारलंय की दिंडोरीजवळच्या बागेत ठिबकचा कंट्रोलर आणि हवामान केंद्र एकाच फोर-जी राउटरवर आहे, लाईट किंवा टॉवर जाऊन परत आला तरी राउटर ऑनलाइन येत नाही, आणि कुणी जाऊन बंद-चालू केला की लगेच चालतो. दर वेळी पंचवटीतून दिंडोरी रोडला लागायचं नसेल तर उपाय काय?

दुखणं ओळखीचं आहे. निफाड-दिंडोरी पट्ट्यात मी असे ११ राउटर सांभाळतो. पहिल्या वर्षी माझं पेट्रोल बहुतेक या बंद-चालू करण्यातच गेलं.

एका पावसाळ्यातली गोष्ट. मोटारीच्या खोलीत स्टार्टरशेजारी खिळ्याला टांगलेला राउटर, मागे पालीची अंडी, आणि पुढचे सगळे दिवे हिरवे. रेंजच्या चार काड्या. बागेवरचे काका म्हणाले, "साहेब, चालू तर आहे की!" लॅपटॉप लावला तर राउटरकडे आयपी पत्ताही (नेटवरचा त्याचा क्रमांक) होता. फक्त पलीकडून डेटाचं एकही पॅकेट परत येत नव्हतं. टॉवरकडच्या बाजूने सेशन, म्हणजे चालू जोडणी, केव्हाच मोडीत निघालं होतं आणि राउटरला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणून दिव्यांवर आणि काड्यांवर विश्वास ठेवू नका.

अशा वेळी घरी बसून काही करता येत नाही, कारण आत शिरायची वाट तीच तुटलेली असते. तपासायचं राउटरनेच आणि सावरायचंही त्यानेच. ही सोय बऱ्याच राउटरमध्ये असते, फक्त बंद ठेवलेली असते. टेल्टोनिकात ती पिंग रीबूट नावाने सापडेल, मायक्रोटिकमध्ये नेटवॉच, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर) असेल तर वॉचकॅट. दर ५ मिनिटांनी बाहेरच्या पत्त्याला पिंग करायचं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारायचं, लागोपाठ तीनदा उत्तर नाही आलं तर हालचाल करायची. आधी फक्त मोडेम रीस्टार्ट, त्याने नाही जमलं तरच अख्खा राउटर.

पिंगला पत्ते दोन द्या, ८.८.८.८ आणि १.१.१.१ सारखे वेगवेगळ्या मालकांचे, आणि दोन्ही गप्प असतील तरच राउटरने हलायचं अशी अट घाला. मी एकदा शहाणपणा करून माझ्याच सर्व्हरचा पत्ता दिला होता. एका रात्री दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद केला आणि ११ च्या ११ राउटर सकाळपर्यंत स्वतःला रीस्टार्ट करत बसले. नेट सगळीकडे ठणठणीत होतं!

घाईही नको. टॉवर उभा राहायला वेळ लागतो, आणि एलटीईत, म्हणजे फोर-जीत, जोडणीचे पाच प्रयत्न फसले की मोडेम साधारण १२ मिनिटं गप्प बसतो. ती वेळ मानकातच ठरलेली आहे. म्हणून एका रीस्टार्टनंतर दुसऱ्याआधी किमान १५-२० मिनिटं जाऊ द्या.

आता ज्याने माझे दोन आठवडे खाल्ले ते सांगतो. मोबाईल कंपन्या सहसा खरा पब्लिक आयपी देत नाहीत. राउटरवर १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ पैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला तर बाहेरून थेट आत जाता येणार नाही, राउटरनेच बाहेर बोगदा (व्हीपीएन, म्हणजे सर्व्हरपर्यंतची खाजगी जोडणी) काढायला हवा. मी त्यासाठी वायरगार्ड वापरतो, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) दर २५ सेकंदांनी. एका बागेत लाईट येऊन नेट सुरू व्हायचं, पिंगही जायचं, पण बोगदा काही जोडला जायचा नाही. कारण निघालं घड्याळ. स्वस्त राउटरमध्ये घड्याळाचा सेल नसतो, त्यामुळे लाईट गेली की तारीख मागे जाते. वायरगार्ड प्रत्येक जोडणीत वेळेचा शिक्का पाठवतो आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का आला की सर्व्हर तो सरळ टाकून देतो. घड्याळ नेटवरून लागायला हवं, आणि मी तर सगळी वाहतूक बोगद्यातून वळवलेली. घड्याळ लागेना म्हणून बोगदा नाही, बोगदा नाही म्हणून घड्याळ लागेना. वेळेचं तेवढं बोगद्याबाहेर ठेवलं आणि प्रश्न मिटला.

लाईटचं म्हणाल तर शेतीच्या फिडरवर ती कधी येईल-जाईल याचा नेम नाही, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर विचारूच नका. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी ५ वॉटच्या राउटरला १०-१२ तास तारते. पण बॅटरी हळूहळू उतरते तेव्हा राउटर धड मरत नाही की धड जगत नाही, अर्धवट लटकतो, आणि लाईट आली तरी तसाच राहतो. त्यासाठी ११ व्होल्टच्या आसपास लोड, म्हणजे राउटर, तोडणारा आणि बॅटरी भरल्यावर पुन्हा जोडणारा चार्ज कंट्रोलर घ्या. तो नीट तोडून नीट जोडतो, म्हणजे बंद-चालू करायला तुम्ही जायला नको.

शेवटची ढाल म्हणून नाशिकच्या एमजी रोडवर मिळतो तसला टायमर प्लग लावून रोज पहाटे ३ वाजता ५ मिनिटं लाईट तोडा. बॅटरी असेल तर प्लगऐवजी १२ व्होल्ट डीसीवर चालणारा टायमर, तोही बॅटरी आणि राउटरच्या मधे, नाहीतर काही उपयोग नाही. फिरत्या तबकडीचा टायमर नको: लाईट गेली की त्याचं घड्याळही थांबतं आणि महिन्याभरात पहाटेचे ३ भर दुपारी येतात. आत सेल असलेला डिजिटल घ्या. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाच्या दिवसांत पानाच्या ओलाव्याची नोंद बुडाली की फवारणीचा अंदाज चुकतो, तेव्हा तो खर्च अंगावर येत नाही.

एसएमएसवरून रीस्टार्ट करायची सोय असेल तर तीही चालू करा, पण घरी आधी करून बघा. डेटाच्या कित्येक सिमवर एसएमएस बंद असतो. आणि निघण्यापूर्वी सिमची मुदत संपली नाही ना, ते फोनवर बघून घ्या. मी भर पावसात जाऊन तेवढ्यासाठीच परत आलोय.

राउटरचं मॉडेल लिहा, मेनूत काय कुठे सापडेल ते सांगतो.